फुकटची वीज आणि कोयनेचा हिशेब

घराच्या छपरावर सौरपट्ट्या बसविलेले आमचे एक शेजारी परवा ऐटीत म्हणाले, "मास्तर, सूर्य फुकट, वारा फुकट; आता ते धरण नि त्या तारा हव्यात कशाला?" मी पडलो शाळामास्तर, चुकलेले गणित दिसले की हात आपोआप तांबड्या शाईकडे जातो!

वीज ही काही कणगीतले भात नव्हे, की आज भरले नि उद्या काढले. तारांच्या जाळ्यात ज्या क्षणी जितकी मागणी, त्याच क्षणी तितकी निर्मिती व्हावी लागते. हा तोल सुटला की काय होते, ते जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारताने काळोखात बसून अनुभवले आहे.

आता वाचकहो, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. सूर्य मावळलेला. वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्यांचा खरा हंगाम पावसाळ्याचा, तो सरलेला. आणि नेमके त्याच घटकेला घरोघर दिवे लागतात! दुपारी छपराने दिलेली वीज रात्री 'परत' मिळते म्हणे. छे! ती त्या क्षणी कोणीतरी नव्याने निर्माण करीत असतो. आणि तो कोणीतरी पुष्कळदा आमची कोयनाच असते. १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प मिनिटांत भार उचलतो; कोळशाच्या भट्टीला ती चपळाई नाही. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने कोसळली नि पुन्हा चढली. तो झोका मुख्यतः जलविद्युत केंद्रांनीच पेलला.

पण कोयनेचे पाणी अक्षय नाही. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. सह्याद्री ओलांडून गेलेला थेंब कऱ्हाड-सांगलीच्या शेताला पुन्हा दिसत नाही; आणि या पाण्यासाठी आमच्या तालुक्यातली गावे उठली आहेत.

मी सूर्याचा वैरी नव्हे. छपरे खुशाल भरा. शेतीपंप दिवसा उन्हावर चालवा. सूर्य राबेल तेव्हा कोयनेने विसावा घ्यावा, वाचलेले पाणी दिवेलागणीला कामी यावे, हाच खरा संसार! मात्र छपराच्या धन्याने तारांच्या आणि पाण्याच्या राखणीचा आपला वाटा कुरकुर न करता द्यावा. पंगतीत बसून वाढणारीलाच 'तू कशाला हवीस?' म्हणणे, हे काही शहाण्याचे लक्षण नव्हे.