पाणी सुधारतंय, गाव उठलं

हिंक्लीच्या शेतांत लसूणघास पिकतो तो जनावरांसाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातलं हे गाव. जमिनीखालचं विषारी क्रोमियम सहा मिसळलेलं पाणी उपसून ते या घासाला द्यायचं. मुळांजवळच्या मातीतले जिवाणू त्याचं क्रोमियम तीन करतात. ते फारसं विषारी नाही आणि मातीला धरून बसतं. दुसरीकडे थेट जमिनीत इथेनॉल सोडतात, तिथेही राबतात ते जिवाणूच. तंत्र सुरेख आहे, यात वाद नाही.

विष आलं पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या कॉम्प्रेसर केंद्रातून. १९५२ पासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत कूलिंग टॉवर गंजू नयेत म्हणून क्रोमियम वापरलं गेलं आणि ते पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं गेलं. १९८७ मध्ये कंपनीने नियामकांना हे कळवलं, १९९६ मध्ये रहिवाशांशी ३३.३ कोटी डॉलरची तडजोड झाली, २००० साली या लढ्यावरचा ‘एरिन ब्रॉकोविच’ चित्रपट आला, ज्युलिया रॉबर्ट्सला ऑस्कर मिळालं. आपल्याला वाटलं, सुटलं बुवा गाव.

भूजल साफ व्हायला मात्र दशकं लागतात, आणि तोवर माणसं तिथेच राहत असतात. इथेनॉलमुळे क्रोमियम बसतं खरं, पण प्राणवायू संपलेल्या त्या थरातून मँगनीज आणि आर्सेनिक सुटून पाण्यात उतरू शकतं. शेतीच्या उपायात क्षार आणि युरेनियम वाढण्याची भीती. औषध कंपनीचं, दुष्परिणाम शेजारच्या विहिरीवाल्याला! म्हणून जमिनीत काहीही सोडण्याआधी आसपासची प्रत्येक खासगी विहीर तपासायला हवी, नुसत्या क्रोमियमसाठी नव्हे, आणि निकाल घरमालकाच्या हातात पडायला हवा. हा पहिला आकडा नसेल तर पुढे आर्सेनिक वाढल्यावर उत्तर ठरलेलं: ते तुमच्या जमिनीत होतंच. पंचाईत अशी की हे उत्तर दर वेळी खोटं नसतं. मोहावीत क्रोमियम निसर्गतःही सापडतं. निसर्गाचं किती नि कंपनीचं किती, हा वाद एवढा लांबला की अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेला त्यासाठी अनेक वर्षं अभ्यास करावा लागला. अहवाल आला २०२३ मध्ये.

एक गोष्ट तिथे चांगली झाली. आकडे आणि नकाशे समजावून सांगायला रहिवाशांना स्वतंत्र तज्ज्ञ मिळाला, आणि त्याचा खर्च कंपनीच्या माथी. ही सोय चटकन उचलावी अशी आहे.

बाकीची गोष्ट घरांची. दूषित पट्टा पसरतोय हे दिसल्यावर कंपनीने बाटलीबंद पाणी दिलं, मग पर्याय ठेवला: घरात शुद्ध पाण्याची यंत्रणा घ्या, नाहीतर घर आम्हाला विका. बहुतेकांनी विकलं. विकत घेतलेली घरं पाडली गेली, २०१३ मध्ये शाळा बंद झाली, पुढे पोस्ट आणि दुकानही गेलं. सक्ती कुणी केली नाही. पण शेजारची चार घरं पडली की पाचव्याचा निर्णय त्याचा एकट्याचा राहतो का? कागदावर मात्र धोका उतरला, कारण ते पाणी पिणारेच कमी झाले. जो हिशेब पाणी साफ न होताही जुळतो, तो मला मान्य नाही.

भोपाळमध्ये उलटं आहे. युनियन कार्बाइडच्या आवाराजवळच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा पीथमपूरला हलवला. जमिनीखालचं पाणी आहे तसंच. तिथे माणसं आहेत, सफाई नाही.

हिंक्लीसाठी नियामकांनी २०१५ मध्ये काढलेल्या आदेशात क्रोमियम कधीपर्यंत किती खाली यावं याच्या मुदती आहेत. तशाच अटी रहिवाशांसाठीही लिहिता येतात. जो राहील त्याला सफाई संपेपर्यंत शुद्ध पाणी. ज्याला जायचंय त्याच्या घराचा भाव प्रदूषण नसतं तर आला असता तेवढा, आणि घर आज विका की पाच वर्षांनी, भाव तसाच मिळेल अशी लेखी हमी. मग शेजारी निघाला म्हणून आपणही घाईने निघायचं, ही वेळ येणार नाही. ज्यांना राहायचंय त्यांच्या मुलांसाठी शाळा चालवण्याचा खर्चही कंपनीच्याच खात्यात टाकावा. ज्या कंपनीला लसूणघास पिकवणं परवडतं, तिला तोही परवडेल.