सवलत घेतली, आणि गेले निघून

खराडीत आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई आधी इथल्याच एका आयटी कंपनीत साफसफाईला होत्या. कंपनीनं मजला रिकामा केला, दुसऱ्या शहरात गेली. इंजिनिअर मुलांना निदान काही महिन्यांचा पगार तरी मिळाला. ताईंना सांगितलं, "तुम्ही कंपनीच्या नाहीच, ठेकेदाराच्या." गेटपास काढून घेतला. चार वर्षांचं काम एका दुपारी संपलं!

मैत्रिणींनो, अशा कंपन्या फुकट येत नाहीत. २०२० पर्यंत सेझमध्ये सुरू झालेल्या युनिटना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं आयकर माफ, पुढची पाच वर्षं निम्मा. कारखान्यांना राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून कराचा परतावा, वीजशुल्कात माफी. हा पैसा शेवटी तुमच्या-माझ्याच खिशातला ना?

आमच्याच जिल्ह्यातलं तळेगाव बघा. जनरल मोटर्सनं एमआयडीसीच्या जागेवर २००८ मध्ये कारखाना सुरू केला, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं. पुढच्या वर्षी चौदाशेहून जास्त कामगार घरी बसले. जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ह्युंदाईकडे गेला.

हीच कंपनी अमेरिकेत मात्र अडकली. ओहायो राज्यातला लॉर्ड्सटाउनचा कारखाना तिनं २०१९ मध्ये बंद केला. करसवलत देताना राज्यानं नोकऱ्या टिकवायची अट घातली होती. ती मोडली म्हणून २०२० मध्ये २ कोटी ८० लाख डॉलर परत करायला लावले, वर १ कोटी २० लाख त्या भागासाठी खर्चायला सांगितले. दिलेलं सगळं वसूल नाही झालं, पण झालं काहीतरी.

आपल्याकडे उलटंच चाललंय. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती १०० कामगारांपासून. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत ही मर्यादा ३०० झाली. ताईंसारख्या ठेकेदाराच्या बाया तर कंपनीच्या हजेरीपटावरच नसतात.

तुमच्या गावच्या एमआयडीसीत एखादा कारखाना गाशा गुंडाळत असेल, तर जिल्हा उद्योग केंद्रात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी दहा रुपये. सवलत किती दिली, किती वर्षांच्या आणि किती नोकऱ्यांच्या अटीवर, त्यात ठेक्यावरच्या बायका मोजल्या का, अट मोडल्यावर वसुली किती केली, एवढंच विचारा. 'व्यापारी गुपित' म्हणून नाही म्हणाले, तर तीस दिवसांत अपील करता येतं.

ताईंची लेक बारावीला आहे. काल आमच्या ओट्यावर बसून तिनं अर्जाचा कच्चा मसुदा केला. ताई म्हणाल्या, "ठेक्यावरच्या बायका, हे आधी लिही."