शेकोटीला कसली आलीय लक्झरी?

"गाडीच्या सीटला हीटर? काय एकेकाचे चोचले!"

हे वाक्य पुण्यातल्या मावशीने म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पुण्यात पारा दहाच्या खाली उतरला की पेपरात बातमी येते. पण मी राहतो मिनियापोलिसला. इथे जानेवारीत उणे पंधरा म्हणजे रोजचंच, आणि ३० जानेवारी २०१९ ला तर पारा उणे ३३ सेल्सियसवर गेला होता. अशा गावात राहून आपलीच मंडळी हे वाक्य म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. गाडीच्या कंपन्या हेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हणतात तेव्हा तर जास्तच फिरतं. त्यांच्या भाषेत चोचल्यांना 'प्रीमियम फीचर' म्हणतात, एवढाच काय तो फरक.

माझं म्हणणं साधं आहे. थंड प्रदेशात सीट हीटर ही चैन नाही. गाडीत बसलेल्या माणसाला ऊब देण्याचा तो सगळ्यात झटपट आणि सगळ्यात कमी ऊर्जा खाणारा मार्ग आहे. तो सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्येसुद्धा असायला हवा. आणि त्याला 'लक्झरी' म्हणून पैसे उकळणं हा निव्वळ धंदा आहे, इंजिनियरिंग नाही.

आता थोडं विज्ञान. (घाबरू नका, बारावीच्या पुढे जात नाही.)

पेट्रोलच्या गाडीतला हीटर चालतो इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर. इंजिन तापतं, त्याने कूलंट तापतो, तो डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतो आणि पंखा त्यावरून हवा आत ढकलतो. फुकटची ऊब, कल्पना उत्तम! फक्त एक अडचण आहे. रात्रभर उणे वीसमध्ये उभी राहिलेली गाडी सुरू केली की तो कूलंटही उणे वीसच असतो. त्याचं काम नीट चालतं नव्वद अंशांच्या आसपास. तिथवर पोचायला दहा मिनिटं सहज जातात आणि तोवर हीटर तुमच्या तोंडावर इमानेइतबारे गार वारा मारत राहतो. माझं ऑफिस घरापासून बारा मिनिटांवर आहे. म्हणजे गाडी जरा उबदार होते तेव्हा मी पार्किंग शोधत असतो.

सीट हीटरला यातलं काहीच लागत नाही. गादीच्या कव्हरखाली एक तार किंवा कार्बन फायबरची जाळी. बारा व्होल्टचा करंट गेला की ती तापते, तापमान मोजणारा एक सेन्सर तिला मर्यादेत ठेवतो. संपलं. आपल्या इस्त्रीची धाकटी बहीणच म्हणा ना. एका सीटला साधारण पन्नास ते शंभर वॉट पुरतात, म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी वीज. आणि एक-दोन मिनिटांत मांड्यांना आणि कमरेला ऊब जाणवायला लागते, कारण मधे हवा तापवण्याची भानगडच नाही. तापलेली वस्तू थेट तुम्हाला टेकलेली आहे.

आपल्याकडे गावात थंडी पडली की लोक काय करतात? शेकोटी पेटवतात आणि तिच्याजवळ जाऊन बसतात. सगळं शिवार गरम करायला कोणी निघत नाही! गाडीचा हीटर नेमका तोच उद्योग करतो. हवा तापवतो, काचा तापवतो, रिकाम्या मागच्या सीटा तापवतो, छत तापवतो, आणि त्यातून जे उरेल ते तुम्हाला. ती उष्णता काचांतून बाहेर पळत असते ती वेगळीच.

पेट्रोलच्या गाडीत हा उधळेपणा खपून जातो, कारण उष्णता तशीही वायाच जाणार होती. इलेक्ट्रिक गाडीत मात्र तो सरळ बॅटरीवर येतो. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्यांची चाचणी जाहीर केली. उणे ७ सेल्सियसला, हीटर बंद असताना गाड्यांची रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली. हीटर लावल्यावर घट झाली ४१ टक्के! म्हणजे लोक थंडीत रेंज कमी झाली म्हणून बॅटरीला शिव्या घालतात, पण त्यातला मोठा वाटा बॅटरीच्या नव्हे, केबिन गरम ठेवण्याच्या नावावर जातो.

हिशोब करून बघा. कडक थंडीत केबिन उबदार ठेवायला तीन किलोवॉट लागतात असं धरू, म्हणजे तासाला ३ युनिट. एका किलोमीटरला ०.२ युनिट धरले तर तासाभराच्या उबेपायी १५ किलोमीटर गेले. दोन सीटांचे हीटर मिळून १२० वॉट धरले तर तासाला ०.१२ युनिट, म्हणजे जेमतेम ६०० मीटर. पंधरा किलोमीटर कुठे आणि सहाशे मीटर कुठे! हीट पंपवाल्या गाड्यांत हा फरक कमी होतो हे खरं, पण थंडी जितकी कडक तितका हीट पंपचा फायदाही आटतो. निसानला हे लवकर उमगलं असावं. अमेरिकेत २०१२ च्या लीफमध्ये त्यांनी पुढच्या आणि मागच्याही सीटांना हीटर स्टँडर्ड देऊन टाकले. आणि साबने तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ड्रायव्हरच्या सीटला हीटर दिला होता. स्वीडनच्या थंडीत गाड्या बनवणाऱ्यांना त्यात चोचले दिसले नाहीत.

आता 'तुझ्या सीटने काच साफ होते का?' हा प्रश्न येणारच. नाही होत. काचेवरचं धुकं आणि बर्फ घालवायला गरम हवाच लागते, आणि काच साफ न करता गाडी काढणं हा मूर्खपणा आहे. पायाच्या बोटांना सीटची ऊब पोचत नाही, हातांना स्टिअरिंगचा हीटर असेल तरच. पाठीवर जाडजूड जॅकेट असेल तर ते बाहेरची थंडी अडवतं तशी सीटची ऊबही अडवतं, म्हणून मांड्या आधी तापतात आणि पाठ मागून. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांनी तर हा हीटर वापरूच नये, चटका बसलेला कळत नाही. आणि उणे पंचवीसमध्ये नुसत्या सीटवर भागत नाही, हे मलाही मान्य आहे. पण केबिन २४ वर ठेवण्याऐवजी १७-१८ वर ठेवून सीट चालू करा, आणि मग सांगा काय कमी पडलं. सीट हीटर केबिनच्या हीटरला रजा देत नाही, त्याचं ओझं कमी करतो.

बरं, सीट हीटर नसला की लोक काय करतात? सकाळी पंधरा मिनिटं गाडी नुसती घरघरत ठेवतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्याच आकड्यांनुसार उभी गाडी तासाला पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल पिते. म्हणजे पंधरा मिनिटांत पाव ते अर्धा लिटर, रोज, अख्खा हिवाळा, घराघरासमोर. बॅकसाईड गार लागू नये म्हणून!

मग इतकी साधी, स्वस्त, उपयोगी गोष्ट सगळ्या गाड्यांत का नाही? कारण ती वरच्या मॉडेलचं आमिष आहे. मी गाडी घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याने गोड हसून सांगितलं की सीट हीटर हवा असेल तर वरचं मॉडेल घ्यावं लागेल. त्यात सनरूफ, मोठी चाकं, भारीतला स्पीकर आणि सुमारे दोन हजार डॉलर जास्त. मिनेसोटात सनरूफ! वर्षातले पाच महिने त्यावर बर्फ साचणार. बाजारात दोन सीटांचे सुटे हीटर किट शंभर डॉलरच्या आत मिळतात, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. (ते बसवणं सोपं नाही हेही खरं. सीटमध्ये एअरबॅगच्या वायरी आणि सेन्सर असतात. म्हणूनच तो कारखान्यातूनच यायला हवा.) आणि गंमत बघा, भारतात २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई वेर्नाच्या वरच्या मॉडेलमध्ये सीट थंडही होते आणि गरमही. दादरच्या ट्रॅफिकमध्ये गरम सीट! गरज कुठे आणि वस्तू कुठे.

कंपन्यांचा ठरलेला बचाव असा: प्रत्येकाला हवं ते वेगवेगळं दिलं तर कारखान्यात गुंता वाढतो, म्हणून पॅकेज करावं लागतं. मान्य! पण मग सगळ्यांना सरसकट देणं हे सगळ्यात कमी गुंत्याचं नाही का? हे मी म्हणत नाही, बीएमडब्ल्यूने करून दाखवलं. जुलै २०२२ मध्ये दक्षिण कोरियात त्यांच्या गाड्यांना सीट हीटरची मासिक वर्गणी लागली, महिन्याला सुमारे १८ डॉलर. हीटर गाडीत आधीच बसवलेला, फक्त सॉफ्टवेअरने कुलूप लावलेलं. म्हणजे सगळ्या गाड्यांत तार घालणं परवडत होतं, तर! कंपनी म्हणाली, ज्यांनी सुरुवातीला ऑप्शन घेतला नाही त्यांना, किंवा गाडी सेकंडहँड घेणाऱ्यांना ही सोय आहे. पण माझ्या घरातल्या पंख्याचं रेग्युलेटर दर महिन्याला भाडं भरल्यावर सुरू होणार असेल, तर त्याला मी सोय म्हणणार नाही. लोकांनी एवढी बोंब मारली की सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने हा प्रकार बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून हे जास्तच झोंबतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये चिप्सचा तुटवडा होता तेव्हा जनरल मोटर्सने कितीतरी मॉडेल्समधून सीट हीटर काढून टाकले होते, तेही ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. एक तार गरम करायला आपण इतकी इलेक्ट्रॉनिक्स लावून ठेवली की चिप नाही तर ऊब नाही. आधी साध्या गोष्टीत सॉफ्टवेअर घुसवायचं आणि मग त्या सॉफ्टवेअरचं भाडं मागायचं. आपल्या व्यवसायाने जगाला दिलेल्या देणग्यांपैकी ही एक. असो.

वर्गणी गेली, पण पॅकेजचा खेळ चालूच आहे. तेव्हा थंड गावात गाडी घ्यायला जाल तर सनरूफ आणि स्क्रीनचे इंच विचारण्याआधी सीट हीटर विचारा. तो खालच्या मॉडेलमध्ये नसेल तर शांतपणे उठा आणि ज्या कंपनीच्या खालच्या मॉडेलमध्ये आहे तिच्याकडे जा. विक्रेत्याला उठण्याचं कारणही सांगा. त्याला वाईट वाटू द्या, चालतंय की. बीएमडब्ल्यूला जी भाषा कळली, ती बाकीच्यांनाही कळेल.