आपला कंदील

गेल्या दिवाळीपासून एक शब्द माझ्या मागे लागला आहे. शब्द तसा साधाच, ‘आपला’. पण त्याने मला चांगलेच अडचणीत आणले.

झाले असे. आमच्या सोसायटीचा मोठा आकाशकंदील दरवर्षी मीच करतो. उभा जन्म नकाशे काढण्यात गेला. निवृत्त झालो तरी हात स्वस्थ बसत नाही. गेल्या वर्षी पुरुषभर उंचीचा कंदील योजला. कागदावर तो इतका देखणा उतरला, की आमची सौ.देखील ‘बरा आहे’ म्हणाली. कामट्या तारेने घट्ट आवळल्या, पतंगी कागद चिकटवला, करंज्या लावल्या आणि कंदील फाटकावर चढवला. पहिल्याच रात्री वाऱ्याने त्याच्या चिंध्या केल्या.

सकाळी तो सांगाडा घेऊन मी जिन्याखाली बसलो. तिथे इस्त्रीवाल्या मामांचे टेबल असते. इस्त्री बाजूला ठेवून ते म्हणाले, “साहेब, वाऱ्याला वाट ठेवली नाही, तर तो आपली वाट करून घेतो. वर-खाली तोंड उघडं ठेवा. आणि तार काढा, दोऱ्यानं बांधा. सांधा जरा हलला पाहिजे.”

लहानपणी मामा पतंग करून विकत असत, हे मला त्या दिवशी कळले! दोघांनी मिळून दोन रात्री खपून कंदील नव्याने बांधला. तो दिवाळीभर डौलात डुलला, इतकेच नव्हे तर आमच्या भागातल्या स्पर्धेत पहिला आला. पुकारा झाला तो माझ्या नावाचा. अध्यक्षांनी माझ्या कल्पकतेची तारीफ केली. मी नारळ, पाकीट आणि प्रशस्तिपत्र घेतले आणि नम्रपणे हसलो. मागच्या रांगेत मामा टाळ्या वाजवत होते. परतताना म्हणाले, “साहेब, आपला कंदील झकास झाला!”

आता ‘आपला’ म्हणजे कुणाचा? आदराने म्हटले तर ‘तुमचा’, आपुलकीने म्हटले तर ‘तुमचा-माझा’. त्यांच्या मनात कोणता होता, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

भाऊबीजेच्या रात्री नात सामान्यज्ञानाचे पुस्तक घेऊन आली. “आजोबा, जयपूर फूट कुणी तयार केला?”

“डॉक्टर प्रमोद करण सेठी,” मी ऐटीत म्हणालो. “1981 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.”

“आणि मास्टरजी?” सूनबाईने स्वयंपाकघरातून विचारले. ती अपंगांच्या उपचार केंद्रात काम करते.

मग तिनेच सगळे सांगितले. त्या काळी मिळणारा परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय ताठ असे. त्यावर बूट चढवावा लागे. मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे. शेतातल्या चिखलात अनवाणी वावरणाऱ्याने तो घेऊन करायचे काय? पुष्कळ रुग्ण पुन्हा कुबड्यांकडे वळत. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉक्टर सेठी अस्थिरोगतज्ज्ञ होते आणि रामचंद्र शर्मा हे बेताचे शिकलेले कारागीर. त्यांनाच सगळे मास्टरजी म्हणत. 1960 नंतरच्या दशकात दोघांनी मिळून रबर आणि लाकूड वापरून सर्व बाजूंना लवणारा पाय घडवला. शरीराचा भार कुठे पडतो ते डॉक्टरांना ठाऊक, रबर कसे वळते ते मास्टरजींना, आणि जमीन कशी टोचते ते रुग्णांना! त्या पायाचे पेटंटही त्यांनी घेतले नाही.

“मग पुस्तकात एकच नाव का?” नातीने विचारले. सूनबाई माझ्याकडे पाहून नुसती हसली. तिला कंदिलाची हकीकत माहीत होती.

त्या रात्री झोप लागली नाही. डॉक्टरांचे मोठेपण मास्टरजींच्या नावाने तिळभरही कमी होत नाही, हे मला पटत होते. मग मामांच्या नावाने माझेच काय कमी होणार होते? होणार होते तर! ‘कंदील करणारा तो मीच’ हा माझा तोरा. वर्षानुवर्षे मी या माणसाला कपडे मोजून देत आलो. हात मात्र कधी पाहिले नव्हते.

सकाळी स्पर्धेच्या चिटणिसांकडे गेलो. “अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी?” ते म्हणाले. एवढ्याशा गोष्टीसाठी तोंड उघडताना माझी जीभ किती जड झाली होती, ते त्यांना काय ठाऊक! पण प्रशस्तिपत्र नवे लिहून मिळाले. दोन नावे, मामांचे आधी. ते आणि अर्धे पाकीट घेऊन जिन्याखाली गेलो.

मामांनी प्रशस्तिपत्र वाचले आणि इस्त्रीची धग लागू नये म्हणून जपून फळीवर ठेवले. पैसे मोजून खिशात घातले. मग म्हणाले, “साहेब, एक बोलू? तुमची खळ फार पातळ असते. पुढच्या वर्षी ती मी करीन.”

इतक्या वर्षांत मामांनी माझी चूक काढल्याची ही दुसरीच वेळ. पहिल्या वेळी कंदील वाचला होता. या वेळी ‘आपला’चा अर्थ कळला.

यंदाची खळ मामांनी केली आहे. चांगली दाट आहे.