कलेजी कुत्र्याला, बदाम आम्हाला

पोरीला नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस टोचायला नेली. रात्रपाळी करून गोदीतनं थेट दवाखान्यात. डॉक्टरनं तिची पापणी खाली ओढली. आतून पांढरीफट्ट. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.८. लोहाचे थेंब लिहून दिले. ठीक. मग आहार सुरू केला. बदामाची पूड, खजूर, सफरचंद, गाईचं दूध. घरात काय शिजतं, हा सवाल नाय.

मीच विचारलं, "कलेजी चालेल का?"

"एवढ्याशा पोरीला नॉनव्हेज? शी! पचायचं नाही."

संध्याकाळी खाटकाकडं गेलो. माझ्यापुढं एक ड्रायव्हर. किलोभर कलेजी तोलून घेतली. "साहेबाच्या कुत्र्याची," म्हणाला, "रक्त कमी झालंय, त्याच्या डॉक्टरनं सांगितलीय." म्हणजे कुत्र्याचा डॉक्टर विचारतो, काय खातो, किती खातो. आणि कलेजीत रक्त आहे हे त्याला ठाऊक!

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, डॉक्टरनं सुई टोचावी, आमच्या ताटात नाक खुपसू नये. त्यांचा राग मला कळतो. गाय १९७६ च्या कायद्यानं गेली होती, २०१५ ला बैलही गेला. २०२३ मध्ये सरकारनं शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं सुरू केलं, २०२५ च्या जानेवारीत पैसा काढून घेतला. हवं तर लोकवर्गणी काढा म्हणे! आमच्या ताटात नाक खुपसणारे कमी नाहीत.

तरीही दोस्तांनो, मी म्हणतो डॉक्टरनं बोललंच पाहिजे. दर लसीला. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातली पस्तीस पोरं खुरटलेली निघाली. सहा महिन्यांवरच्या शंभरातल्या एकोणसत्तर पोरांच्या अंगात रक्त कमी. डॉक्टर गप्प बसला तर पोर मरतं आपलंच, त्याचं नाय.

आणि आपणही काय धुतल्या तांदळाचे नाय. रडली की बशीत चहा, त्यात पाच रुपयांचं बिस्कीट बुडवून. माझ्याच घरात चालायचं. चहा जेवणातलं लोह अंगाला लागू देत नाही, हे दवाखान्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल डॉक्टरनं मला झापायला हवं होतं, मी ऐकून घेतलं असतं.

पण आधी विचार, काल चुलीवर काय होतं. वजडी, रक्ती, सुका जवळा, अंडं, ही नावं तोंडात घे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये लिहून ठेवलंय की सहा महिन्यांपुढच्या पोराला रोज मांस, मासा नायतर अंडं द्यावं. माझी आजी वाळवलेल्या चान्या पाहुणा आला की पदराखाली लपवायची. लाज तिला कुणी शिकवली? तिच्या त्या चान्यांत लोह होतं रे! तुझ्या सफरचंदात किती आहे, पुस्तक उघडून बघ.

पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायचंय. पोरीची आई आता कलेजी उकडून, कुस्करून भाताबरोबर भरवते. ढेकर देते पोरगी. जाताना तो डबा सोबत नेणार आहे. डॉक्टरच्या टेबलावर ठेवून झाकण उघडणार.