आधी खोली, मग स्पीकर, शेवटी अॅम्प्लिफायर

धानाचे चुकारे खात्यात जमा झाले, की तुमसर, साकोली, पवनीकडच्या घरांतून लांबलेल्या खरेदीचा विषय निघतो. त्यात जुना स्टिरिओ बदलायचा असेल, तर भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात जाऊन काय आणावे, याचा सल्ला बहुधा ठरलेला असतो. जास्त वॅटचा अॅम्प्लिफायर घ्या, भारी वायर घ्या, स्पीकरचे बॉक्स आहेत तेच चालतील. हा सल्ला चुकीचा आहे आणि तो आकड्यांनीच खोडता येतो. पैसा आधी कुठे घालायचा, याचा निकष एकच असू शकतो: मूळ आवाजात जो भाग सर्वांत जास्त बिघाड करतो, तो आधी सुधारायचा. हा निकष लावला की क्रम नेमका उलटा होतो.

आधी वॅटचा मुद्दा. 50 वॅटच्या जागी 100 वॅट आले, की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. उलट, एका वॅटवर 86 डेसिबल देणारा स्पीकर काढून 89 डेसिबल देणारा लावला, तर अॅम्प्लिफायरला हात न लावता तेवढीच भर पडते. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेले हजारो वॅट तर हिशेबातच धरू नयेत. सलग वाजण्याच्या ताकदीशी त्यांचा संबंध नसतो. राहिला दर्जाचा प्रश्न. चांगल्या अॅम्प्लिफायरची विकृती 0.1 टक्क्याच्याही खाली असते. अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने जानेवारी 1987 च्या अंकात स्वस्त आणि अतिमहाग अॅम्प्लिफायरांची चाचणी छापली. कोणता वाजतो आहे हे श्रोत्यांना सांगितले नव्हते, आणि त्यांना ते अंदाजापलीकडे ओळखता आले नाहीत.

प्लेअरलाच पहिला मान देणारा दुसरा पक्ष म्हणतो, मुळातच सिग्नल बिघडलेला असेल, तर पुढे काय सुधारणार? टर्नटेबलच्या काळात या म्हणण्यात तथ्य होते. सुई, टोनआर्म आणि मोटर यांचा प्रत्येक दोष थेट ऐकू यायचा, आणि 1970 च्या दशकात स्कॉटलंडच्या लिन कंपनीने हाच विचार हिरिरीने मांडला. पण 1982 मध्ये सीडी बाजारात आली आणि हलक्या-मोठ्या आवाजातले सुमारे 96 डेसिबलचे अंतर सामान्य घराच्या आवाक्यात आले. आज त्या दर्जाचा सिग्नल खिशातल्या फोनवर मिळतो. कमी बिटरेटची फाइल वाईट वाजते हे खरे, पण त्यावर उपाय चांगल्या फाइलचा आहे, महागड्या प्लेअरचा नव्हे. वायरचा हिशेब तर अगदी सोपा. घराच्या फिटिंगला वापरतात ती 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर ओढली, तर जाण्यायेण्याचा मिळून रोध सुमारे 0.12 ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरवर त्याने 0.13 डेसिबलची घट होते. ती कानाला कळत नाही.

आता स्पीकर. विजेचे हवेच्या कंपनात रूपांतर करणारा हा एकमेव भाग, आणि त्याचे काम यांत्रिक आहे. कोन पुढेमागे हलवून तबल्याच्या डग्ग्यापासून झांजेपर्यंत सारे उभे करायचे असते. मोठ्या आवाजात खालच्या सुरांवर त्याची विकृती कित्येक टक्क्यांवर जाते, आणि चांगल्या स्पीकरचाही प्रतिसाद सुरागणिक 3 डेसिबल वरखाली होतो. ‘आवड ज्याची त्याची, त्यात चांगलेवाईट कसले?’ हा आक्षेप इथे नेहमी येतो. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये घेतलेल्या चाचण्या त्याला उत्तर देतात. नाव आणि किंमत झाकून ऐकवले, की बहुतेक श्रोते समतोल, सपाट प्रतिसादाचाच स्पीकर निवडतात.

पण स्पीकरच्याही आधी खोली येते. भंडारा जिल्ह्यात मातीच्या भिंती आणि कवेलूच्या छपराची घरे जाऊन स्लॅबची घरे येत गेली. कवेलूच्या फटींतून आवाज बाहेर निघून जाई; गुळगुळीत प्लास्टर, टाइल्स आणि स्लॅब तो परत फेकतात. बारा बाय दहा फुटांची, दहा फूट उंच रिकामी खोली घ्या. घनफळ सुमारे 34 घनमीटर. भिंती, जमीन आणि छत सरासरी तीन टक्केच आवाज शोषत असतील, तर सॅबिनच्या सूत्राने घुमण्याचा काळ तीन सेकंदांच्या जवळ जातो. अशा खोलीत झाडीपट्टीच्या नाटकाचे रेकॉर्डिंग लावले, तर एका शब्दाची घुमी पुढच्या कितीतरी शब्दांवर पडते. तेच संवाद मंडईच्या जत्रेच्या रात्री उघड्या मैदानात नीट कळतात, कारण तिथे आवाज परत फेकायला भिंत नसते. खोलीत कापसाच्या गाद्या, रजया आणि जाड पडदे यांनी सहा चौरस मीटरइतके शोषण वाढवले, की तीन सेकंदांचा काळ पाऊण सेकंदाखाली येतो. वॉलेस सॅबिन यांनीही 1895 पासून हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात गाद्या आणूनच हा नियम शोधला. खालच्या सुरांना मात्र गाद्या पुरत नाहीत. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो, भिंतीशी फुगतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. दहा डेसिबलचा असा चढउतार कोणताही अॅम्प्लिफायर भरून काढत नाही. बॉक्स कोपऱ्यातून दीड-दोन फूट पुढे आणणे आणि बसायची जागा सरकवणे, हाच पहिला इलाज.

यावर दोन रास्त आक्षेप उरतात. गावात व्होल्टेज पडते, मग भक्कम अॅम्प्लिफायर नको का? व्होल्टेजच्या दुखण्यावर इलाज स्टॅबिलायझरचा आहे, खर्च त्यावरच व्हावा. खरखरणारा किंवा चार ओहमच्या स्पीकरवर तापून बंद पडणारा अॅम्प्लिफायर मात्र बदलावाच. तिथे तोच सर्वांत मोठा दोष ठरतो आणि आपला निकषही तेच सांगतो. दुसरा आक्षेप भाडेकरूचा: खोली आपली नाही, तिच्यावर खर्च का करावा? पण गादी, पडदा आणि पुस्तकांचे कपाट घर बदलताना सोबत येते, आणि बॉक्स सरकवायला घरमालकाची परवानगी लागत नाही.

म्हणून पहिला आठवडा खोलीला द्यावा. त्यात खर्च जवळजवळ नाही. त्यानंतर हाती असलेल्या रकमेचा मोठा हिस्सा स्पीकरवर लावावा, आणि परत घेण्याच्या बोलीवर ते घरी वाजवून पाहावेत, कारण दुकानातली खोली आपल्या घरी येत नाही. अॅम्प्लिफायर धड असेल, तर त्याला हात लावू नये. जिथे वर्षाची मोठी रक्कम एका हंगामाच्या धानातून येते, तिथे चुकीच्या भागावर गेलेला पैसा पुढच्या हंगामापर्यंत भरून निघत नाही. एवढे कारण क्रम पाळायला पुरेसे आहे.