एसी गावात आला. गॅसची नळी कोण जोडणार?

कापसाचा चुकारा हाती आला की पूर्वी घरात टीव्ही येई, मग मोटरसायकल आली. आता वऱ्हाडात आणि चंद्रपूर-यवतमाळकडच्या मोठ्या गावांतून एसी येऊ लागला आहे. यात वावगे काही नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की म्हातारी माणसे आणि बाळंतिणी कशा तळमळतात हे ज्याने पाहिले आहे, तो या खर्चाला चैन म्हणणार नाही. प्रश्न यंत्राचा नाही. ते भिंतीवर बसवताना तांब्याची जी नळी जोडली जाते, तिचा आहे.

कुलर आपल्या हातचा आहे. पंप अडकला तर काढून झटकायचा, गवताची ताटी बदलायची, घरातले पोरगेही ते करते. एसीकडेही लोक त्याच नजरेने पाहतात आणि बसवणाराही बहुधा तोच असतो, कालपर्यंत कुलर-पंखे दुरुस्त करणारा. नळीची टोके पसरवली, नट आवळले, गॅस सोडला, झाले काम. कोणी शंका काढलीच तर ठरलेले उत्तर मिळते, "काही होत नाही न भाऊ!"

होते, म्हणूनच हे लिहावे लागते. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ हा गॅस असतो. जुन्या आर-२२ पेक्षा त्याचा दाब दीडपटीहून अधिक. मोटरसायकलच्या टायरमध्ये आपण पंचवीस-तीस पौंड हवा भरतो. मे महिन्याच्या दुपारी हे यंत्र नुसते बंद उभे असतानाही नळीत तीनशे पौंडांच्या वर दाब असू शकतो. म्हणून पातळ, स्वस्तातली नळी इथे चालत नाही आणि नट अंदाजाने आवळूनही भागत नाही. पाव इंची नटाला जेवढा जोर लागतो, त्याच्या सुमारे तिप्पट अर्धा इंचीला लागतो. त्यासाठी जोर मोजणारा टॉर्क पाना मिळतो. साध्या पान्याने करकचून आवळले की तांब्याचे ओठ चिरतात आणि गळती तिथूनच सुरू होते.

हा गॅस सौम्य का होईना, पण ज्वलनशील आहे. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला तसा वास नाही. हवेपेक्षा जड असल्याने तो गळला की जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडे निम्मे घर जमिनीवरच अंथरूण टाकून झोपते. लहान, बंद खोलीत तो प्राणवायूची जागा घेतो. ज्योतीशी गाठ पडली तर जळून विषारी वाफा होतात. कंपनीच्या पुस्तिकेत खोली किमान केवढी हवी ते छापलेले असते. ते पान सहसा कोणी उघडत नाही. आमच्याकडे तर भाव येईस्तोवर कापूस घरातच भरून ठेवतात. नळी आखूड पडली म्हणून त्याच खोलीत टॉर्च पेटवून सांधा मारणारे बहाद्दर आहेत! नळीत गॅस असताना तिला आच लावायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा आहे.

याहून भयंकर प्रकार गळती तपासण्याचा. नळी जोडल्यावर तिच्यात कोरडा नायट्रोजन दाबाने भरून ती टिकते का हे पाहायचे आणि सांध्यांना साबणाचा फेस लावायचा, ही रीत. तालुक्याला नायट्रोजनचे सिलिंडर सहज मिळत नाही, वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचे मात्र मिळते. मग "गॅस तो गॅस" म्हणून ऑक्सिजन सोडण्याचा मोह होतो. यंत्रात तेल असते. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीचीही गरज पडत नाही, स्फोट होतो. त्या वेळी नळीजवळ कोण असते? बसवणारा पोरगा, आणि टॉर्च धरून उभा असलेला घरधनी. नायट्रोजनही रेग्युलेटरशिवाय सोडायचा नाही, कारण भरल्या सिलिंडरमध्ये दोन हजार पौंडांच्या आसपास दाब असतो.

त्यानंतरचे काम म्हणजे व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून काढणे. याला निदान अर्धा तास हवा. इथेच सगळे पाणी मुरते. पोराला पैसे नगावर मिळतात. मोसमात दिवसाला चार-पाच घरे, सामान मोटरसायकलवर, त्यात हा जड पंप कोण वागवणार? मग यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलायची आणि मोकळे व्हायचे. ओल आत राहते, तेल खराब होते, दोन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर बसतो. मी त्या पोराला दोष देणार नाही. "बसवणी मोफत" अशी पाटी लावणारा दुकानदार त्याच्या अर्ध्या तासाचे पैसे देत नाही, हे खरे दुखणे आहे.

गुरुजींची, ग्रामसेवकाची बदली झाली की एसी त्यांच्याबरोबर निघतो. काढताना गॅस बाहेरच्या यंत्रात ओढून घेतात. कॉम्प्रेसर चालू असतानाच नळी सोडली किंवा वाटेत गळती असली, तर तो हवा ओढतो. हवा आणि तेल एकत्र दाबले जाऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. आधी यंत्र बंद, मग पाना. बाहेरच्या नळीला आच्छादनाबरोबर वरून पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे कवच घातलेले बरे. उंदरांचे सोडा, आमच्या गावांतली वानरेच ती ओढून काढतात.

केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये कूलिंग कृती आराखडा काढला. २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे त्यात म्हटले होते. ती मुदत उलटून गेली. आयटीआयत या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. पण कुलर दुरुस्त करून पोट भरणारा पोरगा दोन वर्षे मोकळी कुठून काढणार? त्याच्यासाठी उन्हाळ्याआधी, माघ-फाल्गुनात, तालुक्याच्या आयटीआयत आठवड्याचा वर्ग घ्यावा. पंप, रेग्युलेटर आणि टॉर्क पाना विक्रेत्यांनी मिळून विकत घ्यावेत आणि पोरांना कामापुरते द्यावेत. बसवणी फुकट न ठेवता नायट्रोजन चाचणी आणि व्हॅक्यूम या दोन बाबी बिलात वेगळ्या लिहून त्यांची मजुरी लावावी. गिऱ्हाइकानेही तिथे घासाघीस करू नये, आणि भिंतीला भोक पाडण्याआधी एवढेच विचारावे, "पंप आणला का रे बाबा?" नसेल आणला, तर त्याला चहा पाजून उद्या यायला सांगावे.